सरकलेला शनिवार

१

“मंगळवारवाले सुखी,” लिफ्टमध्ये एक बाई शेजारच्या गृहस्थांच्या कानाशी कुरकुरत होत्या. “मतदानाचा दिवस कायद्यातच लिहून मोकळे झाले. नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार. ना बैठका, ना हरकती, ना आजच्यासारखी सकाळ बघायची वेळ.”

“तो मंगळवार तरी कुठे सुखासुखी आला?” गृहस्थांच्या हातात किल्ल्यांचा भलामोठा जुडगा होता. “रविवारी प्रार्थना, बुधवारी बाजार. मधल्या दिवसांत घोडागाडी हाकत मतदानाला पोचायचं. साहेबांनी शंभरदा सांगितलंय. आता घोडे गेले, मंगळवार राहिला.”

“घोडे परवडले, काका. आपल्याकडे आठवड्याचंच डोकं खाली आणि पाय वर करून ठेवलेत.”

“हळू बोला.”

लिफ्ट लहान होती. मागच्या कोपऱ्यात पिशवी पोटाशी धरून उभ्या असलेल्या तिसऱ्या बाईकडे दोघांचंही लक्ष नव्हतं. तिला त्याची सवय होती. विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. आपोआप पेटलेली गोदामं, वारा नसताना बुडालेल्या होड्या, चोरीला जाऊन मालकाच्याच सासुरवाडीत सापडलेले ट्रॅक्टर. माणसं तिच्यासमोर रेटून खोटं बोलायची आणि ती मान डोलवत चहा प्यायची. कंपनीत तिला शंकाबाई म्हणत. पाठीमागे म्हणतो, असं म्हणणाऱ्यांना वाटे.

सकाळीच थोरल्या भावाचा फोन आला होता. “चिमे, मोकळी आहेस का? जरा येऊन जा. माझी तारीख चालायला लागलीय.”

“चालायला म्हणजे?”

“म्हणजे एका जागी राहत नाही. आणि दुपारच्या जेवणापर्यंत ती जागेवर आली नाही, तर मी जन्मभर काय केलं ते विचारू नकोस.”

दादाचा आवाज थट्टेचा होता, पण शेवटच्या वाक्यात थट्टा नव्हती. ती चपला पायात सरकवून निघाली होती.

२

देशाच्या निवडणुकीची तारीख काढायची एक खोली असते, हे बाहेर फारसं कुणाला माहीत नाही. काही देशांत पंतप्रधान वाऱ्याची दिशा बघून आपल्या सोयीची तारीख काढतो. काही ठिकाणी वार बांधून दिलेला असतो, इकडे गुरुवार तर तिकडे रविवार, आणि मग बाकीच्यांनी आपापली कामं त्याभोवती बसवायची. इथे मात्र तारीख काढायचं काम दादाच्या खोलीतल्या लाकडी फळ्याचं होतं.

फळ्यावर भोकांच्या रांगा. आडवी रांग म्हणजे आठवडा, एक भोक म्हणजे एक दिवस. ज्या दिवशी मतदान नको, त्या दिवसाच्या भोकात खुंटी. परीक्षा असतील तर पिवळी, पुराची किंवा उन्हाळ्याची धास्ती असेल तर निळी, मतपेट्या न्यायला गाड्या मोकळ्या नसतील तर पांढरी. हरकती संपता संपता फळा भरत जायचा आणि शेवटी एकच भोक मोकळं उरायचं. तीच तारीख. कागदावर काही लिहायचं नाही, कारण कागदाला पाय फुटतात. खुंट्यांना हात फक्त दादाने लावायचा. दुसऱ्या दिवशी वरून सचिव येणार, फळा वाचणार आणि तारीख तोंडपाठ करून वर नेणार.

आणि फळा एक म्हणाला, दादा दुसरंच म्हणाला, तर? तर खोलीची शिफारस रद्द. मग सरकारने आपली आपण तारीख काढायची. वर काही मंडळींना ही खोली कधीपासूनच खुपत होती. असं आजवर झालं नव्हतं, एवढंच.

शंकाबाई दारात पोचली तेव्हा दादा खिडकीकडे तोंड करून बसला होता. तो वळला नाही. “आलीस? तुझ्या चपलांनी सांगितलं. बस ना.”

त्याने जी खुर्ची दाखवली, तिच्यावर एक सडपातळ तरुण बसलेला होता. तो आवाज न करता उठला आणि भिंतीशी जाऊन उभा राहिला. जणू हे रोजचंच होतं.

शंकाबाईने ते पाहिलं आणि पिशवीचा बंद उगाचच नीट केला.

“हा हवामान,” दादाने ओळख करून दिली. माणसांना खात्यावरूनच हाक मारायची त्याची जुनी खोड. “आणि या परीक्षाबाई. हे गाडीकाका.”

लिफ्टमधली दोघं तिच्याकडे बघून ओशाळली. “तुम्ही साहेबांच्या बहीण होय,” परीक्षाबाई म्हणाल्या, “मगाशी आम्ही जरा…”

“घोड्यांबद्दल बोलत होतात,” ती म्हणाली. “चांगलं होतं. मला माहीत नव्हतं.”

“मला काल काय झालं ते सांगू दे,” दादा म्हणाला. “दुपारी शेवटची बैठक झाली. दोन भोकं उरली होती. एकावर गाडीकाकांनी हरकत घेतली, मी पांढरी खुंटी लावली. उरला शनिवार. मग मी केस कापायला गेलो.”

तारीख ठरली की दादा केस कापून घेत असे. पहिल्या निवडणुकीपासून. न्हाव्याच्या खुर्चीत कुणी काही विचारलं तरी मान हलवता येत नाही, हे त्याचं कारण.

“परत आलो तर सगळे घरी गेलेले. मी फळ्यावरून शेवटचा हात फिरवला. तर मोकळं भोक शुक्रवारी. शनिवारात खुंटी. म्हटलं, झाडणाऱ्याचा हात लागून पडली असेल, बिचाऱ्याने दिसेल तिथे खोचली. ती काढली, शुक्रवारात लावली, शनिवार मोकळा केला. कुलूप घातलं, किल्ली खिशात. दुसरी किल्ली नाही. आज सकाळी सचिवांच्या देखत कुलूप उघडलं. मी म्हटलं शनिवार. सचिव म्हणाले, रविवार.”

“शुक्रवार, शनिवार, रविवार,” शंकाबाई म्हणाली.

“बघ की. अशीच चालत राहिली तर या निवडणुकीला न थांबता पुढच्या निवडणुकीला पोचेल.”

गाडीकाकांच्या हातातला जुडगा एकदा खुळखुळला आणि गप्प झाला.

३

ती फळ्यासमोर जाऊन उभी राहिली. लाकूड जुनं, हातांनी गुळगुळीत झालेलं. वरच्या कडेला वारांची पट्टी, पांढरीशुभ्र, चकचकीत, बोटाएवढी जाड अक्षरं, सोमवारपासून रविवारपर्यंत. अगदी डावीकडच्या उभ्या रांगेत प्रत्येक भोकाभोवती लाल रंगाचं विटलेलं कडं होतं. कुणाची तरी जुनी हौस, असं म्हणून तिने ते सोडून दिलं. मोकळं भोक एकच. सगळ्यांत उजवीकडे, ‘रविवार’ या अक्षरांखाली. त्याच्या डावीकडे शनिवारात पिवळी खुंटी ताठ उभी.

“पिवळी म्हणजे तुमची ना?” तिने परीक्षाबाईंना बाहेर व्हरांड्यात नेऊन विचारलं.

“माझीच. त्या रविवारी देशभर परीक्षा आहे. प्रत्येक शाळेचा प्रत्येक वर्ग भरलेला. त्या दिवशी मतदान घेतलं तर मतपेट्या काय मुलांच्या डोक्यावर ठेवणार?” परीक्षाबाई शिस्तीत बोलत होत्या, उत्तरपत्रिका तपासल्यासारख्या. “म्हणजे रविवारची खुंटी शनिवारात गेली. बाकी सगळ्या जागच्या जागी आहेत. मी दोनदा ताडून पाहिलं.”

“तुमचा कुणावर संशय?”

“कुणावरच नाही.” मग जरा थांबून, “साहेबांना त्रास होऊ नये, एवढंच म्हणणं आहे.”

हवामानाने बोलायच्या आधी आकाशाकडे पाहिलं. “फळ्याला मी हात लावला असण्याची शक्यता शून्य टक्के. तशी पद्धतच नाही.” बोलताना तो अंगठ्याच्या नखाजवळचं काहीतरी पांढरं सोलत होता.

“डिंक आहे का?”

“लिफाफे चिकटवत होतो.”

“हवामानाचे अंदाज लिफाफ्यातून जातात?”

“कधी कधी,” तो म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले. शंकाबाईने मान डोलवली. तिला चहाची आठवण झाली.

गाडीकाकांना प्रश्न विचारावा लागलाच नाही. “मी केलं,” ते समोर येऊन उभे राहत म्हणाले. “माझ्या पिशवीचा धक्का लागला. तसं सचिवांना सांगा आणि साहेबांना मोकळं करा.”

“कुठली खुंटी हलली?”

“पांढरी.”

“ती पिवळी आहे, काका.”

“मग पिवळी.”

“धक्क्याने खुंटी खाली पडेल. शेजारच्या भोकात कशी चढेल?”

गाडीकाकांनी विचार केला. “धक्का जोराचा होता,” ते म्हणाले.

ती हसणार इतक्यात परीक्षाबाई तरातरा आल्या. “काका, गप्प बसा. खुंटी माझी, चूक माझी. मीच हलवली, नजरचुकीने.” त्यांच्यामागून हवामानही आला. त्याने घसा खाकरला. “खरं म्हणजे सत्तर टक्के चूक माझी आहे.”

एका खुंटीचे तीन चोर. शंकाबाईच्या अख्ख्या नोकरीत नाकबूल करणारे ढिगाने भेटले होते. कबुलीसाठी रांग लागलेली ती पहिल्यांदाच बघत होती. आणि तिघांनीही कबुली देताना एकदा खोलीच्या दाराकडे पाहिलं होतं. आत दादा बसला होता.

४

ती व्हरांड्यातल्या बाकावर बसली. कोपऱ्यातल्या टेबलावरून तिला कुणीतरी चहा आणून दिला. चहा प्यायल्याशिवाय तिचं डोकं चालत नसे, हे ती स्वतःच सगळ्यांना सांगत असे.

किल्ली एक. ती दादाच्या खिशात. दादाने कुलूप घातल्यावर सकाळपर्यंत खोलीत माशीही शिरली नाही. म्हणजे सकाळी सचिवांनी पाहिला तो फळा दादाने सोडला तसाच होता. एक खुंटीही हललेली नव्हती. दादाने शेवटी मोकळं सोडलेलं भोक आणि सचिवांनी वाचलेलं भोक, दोन्ही एकच.

एकाच भोकाला दादा शनिवार म्हणत होता आणि सचिव रविवार.

तिने कप खाली ठेवला. मग दादाला संध्याकाळी जो ‘शुक्रवार’ मोकळा सापडला, तो कुठला? त्याच हिशेबाने एक घर पुढे. तो शनिवारच होता. तारीख चाललीच नव्हती. ती शहाण्यासारखी शनिवारात बसून होती आणि दादाने स्वतःच्या हाताने तिला उठवून रविवारात नेऊन बसवलं होतं, शनिवार समजून.

दादा, ज्याला हा फळा तळहातासारखा पाठ. तो एका घराने चुकला कसा?

व्हरांड्याच्या टोकाला गाडीकाका दादाला हात धुवायला घेऊन चालले होते. घेऊन म्हणजे हात धरून नाही. काका चार पावलं पुढे, जुडगा खुळखुळवत, आणि दादा मागे, त्या आवाजाच्या रेषेत सरळ. पायरीपाशी परीक्षाबाई उभ्या होत्या. दादा जवळ येताच त्या खोकल्या. दादाचा पाय बरोबर पायरीवर पडला. खोलीत हवामान वर्तमानपत्र मोठ्याने वाचत होता. वाचायला कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं, ऐकायलाही कुणी नव्हतं. दादा परत येऊन बसल्यावर त्याने आधीचं पान पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं.

शंकाबाईला मागच्या महिन्यातला दादाच्या घरचा चहा आठवला. त्यात मीठ होतं. दादा “चव बदलून बघितली” म्हणाला होता आणि तिने तो अख्खा कप हसत हसत संपवला होता. तिने, जिच्या नजरेतून जळक्या गोदामातली एक काडी सुटत नसे.

ती उठून पुन्हा फळ्याकडे गेली. डावीकडची पहिली रांग. लाल कडी. या इमारतीत, रस्त्यावर, तिच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर, लाल रंगात कुठला वार असतो?

तिने मान वर केली. लाल कड्यांच्या वर लिहिलं होतं, सोमवार.

५

“ही पट्टी कधी लागली?” तिने तिघांना व्हरांड्यात गाठून हळूच विचारलं.

आता कुणी टक्केवारी सांगितली नाही. गाडीकाका म्हणाले, “काल दुपारी. साहेब केस कापायला गेले आणि लगेच वरून पट्टी आली. आठवडा आता सोमवारपासून मोजायचा, सगळ्या सरकारी कचेऱ्यांत. सचिव सकाळी यायच्या आत फळ्यावर चिकटलीच पाहिजे, असा निरोप.”

“पट्टी लावली तर खुंट्या चुकीच्या वाराखाली जाणार,” परीक्षाबाई म्हणाल्या. “म्हणून आम्ही सगळ्या खुंट्या एक एक घर डावीकडे सरकवल्या, अगदी डावीकडच्या आधीच्या आठवड्याच्या शेवटी नेल्या. तारखा होत्या तिथेच ठेवल्या. मी बोलत होते, काका लावत होते, हा चिकटवत होता. फळ्याला हात लावायचा नसतो, माहीत होतं. पण साहेबांना एवढं सगळं… म्हटलं, त्यांना कशाला त्रास.”

“आणि मग त्यांना सांगितलं कुणी?”

हवामानाने परीक्षाबाईंकडे पाहिलं. परीक्षाबाईंनी गाडीकाकांकडे. गाडीकाकांनी जुडग्याकडे.

“मला वाटलं, काका सांगतील.”

“मला वाटलं, बाई सांगतील. बाईंना बोलायची हातोटी आहे.”

“मी निघताना वळले होते सांगायला,” परीक्षाबाई म्हणाल्या. “पण काय म्हणून सांगायचं? समोर एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असताना ‘साहेब, पट्टी बदललीय बरं का’ असं सांगायचं, म्हणजे…”

त्या तिथेच थांबल्या. शंकाबाईनेही पुढचं वाक्य विचारलं नाही. मिठाच्या चहानंतर तिलाही तो हक्क नव्हता.

“तुमच्यापैकी कुणी तारीख हलवली नाही,” ती म्हणाली. “एवढं मला पुरे आहे.”

जेवणाच्या सुट्टीआधी सचिव आले. वयाने दादापेक्षा बरेच लहान, सौम्य, घाईतला माणूस. “मला वाईट वाटतंय,” ते दादाला म्हणाले. “पण फळा आणि तुम्ही जुळत नसाल तर मला शिफारस रद्द म्हणूनच कळवावं लागेल. वर तर काही जण वाटच बघून आहेत.”

“फळा आणि दादा जुळतात,” शंकाबाई म्हणाली. “तुम्ही फक्त एकदा वाचा.”

तिने खुर्ची ओढली, पदर खोचला आणि वर चढली. पट्टीचा एक कोपरा नखाने उचलला. डिंक अजून ओलसर होता. चर्र आवाज करत पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत निघून आली. खाली लाकडावर, कुणीतरी फार वर्षांपूर्वी ब्रशने रंगवलेली जुनी अक्षरं होती. डावीकडे, लाल कड्यांच्या वर, रवि. मग सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र. आणि सगळ्यांत उजवीकडे, एकुलत्या एका मोकळ्या भोकावर, शनि.

“वाचा,” ती म्हणाली.

सचिवांनी फळ्याकडे पाहिलं. मग तिच्या हातात लोंबणाऱ्या पट्टीकडे. “हे माझंच परिपत्रक,” ते म्हणाले.

“हो. या तिघांनी ते पाळलं आणि तारखेला धक्का न लावता खुंट्या सरकवल्या. दादाने संध्याकाळी जुन्या हिशेबाने खुंटी लावली. ज्याने लावायची त्यानेच लावली, आणि दोन्ही वेळा शनिवारच मोकळा ठेवला. फळ्याच्या स्वतःच्या अक्षरांत वाचलं तर तोही शनिवारच सांगतो. कुणीही तुम्हाला दुसरा वार सांगितलेला नाही. सांगितला असेल, तर या पट्टीने.”

सचिवांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. सुटका झालेल्या माणसाचं. “शनिवार,” ते म्हणाले. “वाचला. मिळाला.” परीक्षाबाईंनी डोळे मिटून श्वास सोडला. गाडीकाकांनी हवामानाच्या पाठीवर अशी थाप मारली की तो दोन पावलं पुढे गेला. हा धक्का खरंच जोराचा होता.

दादा खुर्चीत रेलून बसला होता. मान नुकतीच मोकळी झाल्यासारखा, मानेवरचे कापलेले केस अजून कॉलरला चिकटलेले. चेहरा अगदी शांत.

सचिव दारापर्यंत गेले आणि परत वळले. माणूस हुशार होता, त्यामुळे प्रश्न त्याला पडलाच. “एकच कळलं नाही. ही पट्टी केवढी, अक्षरं केवढी. साहेब संध्याकाळी इतक्या जवळ उभे होते. त्यांच्या लक्षात कसं आलं नाही?”

हवामान खिडकीबाहेर बघू लागला. परीक्षाबाईंनी शंकाबाईच्या हातातली पट्टी घेतली आणि तिची घडी घालू लागल्या. ती स्वतःलाच चिकटत होती. गाडीकाकांनी जुडगा मुठीत आवळून धरला.

“संध्याकाळ होती,” शंकाबाई म्हणाली. आयुष्यभर दुसऱ्यांची खोटी कारणं पकडली, आणि आता एक तिच्याच तोंडून आपोआप बाहेर पडलं. “उजेड कमी असेल.”

दादा हसला. त्याने समोरचा कप चाचपला, कडेवर बोट टेकवून चहा कुठवर आहे ते पाहिलं आणि सावकाश एक घोट घेतला.

“उजेड भरपूर होता, चिमे,” तो म्हणाला. “मलाच दिसत नाही.”